विश्लेषण : पहिला चॅटबॉट लिहिणारा प्रोग्रामरच संगणकाबद्दल सावध का झाला?

चॅटबॉटशी मनातले बोलणे ही आता नवलाई राहिलेली नाही. परीक्षेचे टेन्शन, घरातली भांडणे, तुटलेले नाते, काहीही रात्री दोन वाजता मोबाइलवर टाइप करावे आणि समोरून समजूतदार उत्तर यावे, याची अनेकांना सवय झाली आहे. उत्तर देणाऱ्या यंत्राला आपले दुःख खरेच कळते का, आणि कळत नसेल तर त्याच्याशी बोलण्यात बिघडले काय? हा वाद जवळपास साठ वर्षे जुना आहे. तो पेटवला जोसेफ वायझेनबाउम या प्रोग्रामरने. पहिला चॅटबॉट मानला जाणारा ‘एलायझा’ हा प्रोग्रामही त्यांनीच लिहिला होता. आपल्याच प्रोग्रामवर लोकांचा बसलेला विश्वास पाहून ते अस्वस्थ झाले आणि उरलेले आयुष्य त्यांनी एका प्रश्नामागे घालवले. यंत्राला जमते म्हणून प्रत्येक काम यंत्राकडे सोपवावे का?

कोण होते वायझेनबाउम?

वायझेनबाउम यांचा जन्म ८ जानेवारी १९२३ रोजी बर्लिनमधील ज्यू कुटुंबात झाला. वडील फरचे कपडे तयार करणारे कारागीर होते. हिटलर सत्तेवर आला तेव्हा जोसेफ दहा वर्षांचे होते. ज्यू मुलांना इतर शाळांतून बाजूला काढले जाऊ लागले आणि त्यांनाही आपली शाळा सोडून ज्यू मुलांच्या शाळेत जावे लागले. जानेवारी १९३६ मध्ये या कुटुंबाने जर्मनी सोडली आणि अमेरिकेतील डेट्रॉइट गाठले. तेरा वर्षांच्या मुलाला इंग्रजी येत नव्हते. गणिताला मात्र भाषेची फारशी गरज नव्हती. त्यामुळे नव्या देशात त्यांचा जीव गणितातच रमला.

डेट्रॉइटमधील वेन विद्यापीठात १९४१ मध्ये त्यांचे गणिताचे शिक्षण सुरू झाले. दुसऱ्या महायुद्धामुळे ते मध्येच थांबले. अमेरिकी लष्कराच्या हवाई दलात त्यांनी हवामान विभागात काम केले. गुप्त संदेश उलगडण्याच्या कामात त्यांना रस होता, पण जर्मनीत जन्मल्यामुळे ते काम मिळाले नाही. युद्धानंतर त्यांनी १९४८ मध्ये पदवी आणि १९५० मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. त्या काळी संगणक दुकानातून विकत आणण्याची वस्तू नव्हती. विद्यापीठाने स्वतःच संगणक बांधायला घेतला आणि त्या कामात वायझेनबाउमही होते. ‘कम्प्युटर सायन्स’ ही शाखा नीट उभी राहण्याआधीच ते संगणकात शिरले होते.

चेकवरच्या आकड्यांशी त्यांचा काय संबंध?

भारतातल्या कोणत्याही बँकेचे चेकबुक उघडले, तर चेकच्या तळाशी वेगळ्याच वळणाचे आकडे छापलेले दिसतात. ही मायकर पद्धत. चुंबकीय शाईतले हे आकडे यंत्राला वाचता येतात. त्यातला नऊ अंकी कोड शहर, बँक आणि शाखा सांगतो. मुंबईतल्या शाखांचा कोड ४०० ने सुरू होतो, पुण्यातल्या शाखांचा ४११ ने. या आकड्यांचे मूळ १९५० च्या दशकातील अमेरिकेत आहे. बँक ऑफ अमेरिकेकडे येणाऱ्या चेकचा ढीग माणसांच्या हाताने आवरेना, म्हणून ‘एर्मा’ नावाची संगणक प्रणाली तयार करण्यात आली. मायकर त्याच प्रयत्नांतून पुढे आली. एर्मा प्रत्यक्ष बांधण्याचे काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीकडे होते आणि तिथल्या प्रोग्रामरांच्या चमूत वायझेनबाउम होते.

हे काम त्यांना अतिशय आवडले. पुढे मात्र त्याच कामाकडे मागे वळून बघताना त्यांना एक गोष्ट खटकली. बँकेचा कारभार यंत्रावर गेल्याने समाजावर काय परिणाम होईल, हा प्रश्न त्यांना किंवा त्यांच्या सहकाऱ्यांना तेव्हा पडलाच नव्हता. अवघड तांत्रिक कोडे सोडवण्याच्या आनंदात सगळे बुडाले होते. ही कबुली त्यांच्या नंतरच्या सगळ्या विचारांचा पाया आहे.

‘एलायझा’ आणि ‘फुलराणी’चे नाते काय?

१९६३ मध्ये वायझेनबाउम अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत रुजू झाले. तिथे एकच मोठा संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता येईल, अशी व्यवस्था नुकतीच सुरू झाली होती. टाइपरायटरसारख्या टर्मिनलवर माणसाने काही टाइप करायचे आणि उत्तरही तिथेच कागदावर उमटायचे. माणूस आणि संगणक यांच्यात सवाल-जवाब शक्य झाला, तर तो इंग्रजीसारख्या रोजच्या भाषेत का होऊ नये, असा विचार त्यांनी केला. १९६४ ते १९६६ या काळात त्यांनी ‘एलायझा’ लिहिला. त्याची माहिती देणारा त्यांचा शोधनिबंध जानेवारी १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला.

हे नाव जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ नाटकातून घेतले होते. मराठी प्रेक्षकांना ही गोष्ट चांगली ठाऊक आहे, कारण पु. ल. देशपांडे यांनी याच नाटकावरून ‘ती फुलराणी’ लिहिले. १९७५ मध्ये ते रंगभूमीवर आले. शॉ यांची एलायझा म्हणजे पुलंची मंजुळा. भाषेचा प्राध्यापक तिला मोठ्या घरातले बोलणे शिकवतो आणि ऐकणाऱ्यांना ती मोठ्या घरातलीच वाटू लागते. वायझेनबाउम यांच्या प्रोग्रामलाही बोलण्याच्या नवनव्या तऱ्हा शिकवता येत होत्या. पण नाटकातली एलायझा हाडामांसाची, मानी मुलगी होती. प्रोग्रामकडे नुसते बोलणे होते, बोलणारे कोणी नव्हते.

प्रोग्राम नेमका कसा चालायचा?

एलायझाला कोणत्याही शब्दाचा अर्थ कळत नव्हता. त्याचे काम चार पायऱ्यांत समजून घेता येते.

पहिली पायरी, महत्त्वाचा शब्द शोधणे. माणसाने टाइप केलेल्या वाक्यात आई, वडील, स्वप्न, नेहमी असे ठरलेले शब्द आहेत का, हे प्रोग्राम बघायचा. असे एकाहून अधिक शब्द असतील तर ज्याचा क्रम वरचा, तो निवडायचा.

दुसरी पायरी, वाक्याचे तुकडे करणे. त्या शब्दाच्या मागे काय आहे आणि पुढे काय आहे, ते ठरलेल्या साच्यानुसार वेगळे केले जायचे.

तिसरी पायरी, तुकडे उलटवून परत देणे. मी च्या जागी तुम्ही, माझे च्या जागी तुमचे. मला माझ्या भावाचा राग येतो असे कोणी लिहिले, तर तुम्हाला तुमच्या भावाचा राग का येतो, असा प्रश्न परत येणार.

चौथी पायरी, काहीच न सापडल्यास वेळ मारून नेणे. अशा वेळी पुढे सांगा अशा अर्थाचे मोघम वाक्य यायचे, किंवा आधी साठवून ठेवलेला एखादा धागा पुन्हा काढला जायचा. दहा मिनिटांपूर्वीचे आपले बोलणे समोरच्याच्या लक्षात आहे, असे मग माणसाला वाटायचे.

साचे आणि शब्दांची यादी प्रोग्रामपासून वेगळी ठेवली होती. यादी बदलली की एलायझाचे सोंगही बदलायचे. सर्वांत गाजले ते ‘डॉक्टर’ हे सोंग. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या पद्धतीत समुपदेशक स्वतः फार बोलत नाही. समोरच्याचेच म्हणणे त्याला परत ऐकवत राहतो. ही निवड हुशारीची होती. दुकानदार किंवा शिक्षक म्हणून बोलायचे तर जगाची माहिती लागते. मानसोपचारतज्ज्ञाने मात्र साधी गोष्ट विचारली, तरी त्यामागे काही हेतू असेल असे रुग्ण धरून चालतो. अर्थ भरण्याचे काम माणूस स्वतःच करतो.

असे काय घडले की ते हादरले?

पुढच्या घटनांनी वायझेनबाउम चकित झाले. त्यांची स्वतःची सेक्रेटरी कित्येक महिने त्यांना हा प्रोग्राम लिहिताना बघत होती. तो केवळ प्रोग्राम आहे, हे तिला पक्के ठाऊक होते. तरी एकदा एलायझाशी टर्मिनलवर थोडे बोलणे झाल्यावर तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जायला सांगितले. तिला खासगी बोलायचे होते. दुसऱ्या एका प्रसंगी, प्रोग्रामशी लोकांचे झालेले संवाद साठवून ठेवावेत, असा विचार त्यांनी मांडला. त्यावर लोक भडकले. आमच्या मनातल्या गोष्टींवर तुम्ही पाळत ठेवणार का, असा त्यांचा सूर होता.

तिसरा धक्का तज्ज्ञांकडून आला. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ केनेथ कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६ मध्येच अशा प्रोग्रामचा उपचारासाठी वापर सुचवला. मानसोपचारतज्ज्ञ कमी आणि रुग्ण फार, तेव्हा एकच संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल, असा त्यांचा हिशेब होता. वायझेनबाउम यांना प्रश्न पडला तो डॉक्टरांबद्दल. रुग्णाचे दुःख समजून घेणे हा उपचाराचा गाभा असेल, तर ज्याला काहीच समजत नाही अशा यंत्राकडे हे काम द्यावे, असे एखाद्या डॉक्टरला वाटूच कसे शकते? माणूस म्हणजे एक प्रकारचे यंत्र, हे त्या डॉक्टरने आधीच मान्य केले असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

संगणकाच्या वागण्यामागे मन आहे असे वाटण्याच्या प्रवृत्तीला आज ‘एलायझा इफेक्ट’ म्हणतात. वायझेनबाउम यांना धास्ती वाटली ती यासाठी की हा परिणाम भोळ्याभाबड्यांपुरता नव्हता. चांगल्या शिकल्या-सवरल्या माणसांवरही तो तितकाच, आणि फार थोड्या वेळात होत होता.

पुस्तकात त्यांनी काय मांडले?

१९७६ मध्ये त्यांचे ‘कम्प्युटर पॉवर अँड ह्युमन रीझन’ हे पुस्तक आले. त्याचा मध्यवर्ती मुद्दा हिशेब आणि विवेक यांच्यातील फरकाचा आहे. नियम आणि माहिती दिली की उत्तर काढणे हा हिशेब. तो यंत्राला जमतो, बऱ्याचदा माणसापेक्षा चांगला जमतो. पण काय योग्य आणि काय अयोग्य याची निवड करायला विवेक लागतो आणि तो जगण्यातून येतो. माणसाला शरीर आहे, बालपण आहे, कोणीतरी डोक्यावरून हात फिरवल्याची आठवण आहे, मरणाची भीती आहे. यंत्र कितीही बुद्धिमान झाले तरी त्याची बुद्धी माणसाच्या प्रश्नांना परकीच राहणार, असे त्यांचे म्हणणे होते.

यंत्र कधीच अमुक करू शकणार नाही, अशा पैजा ते लावत नव्हते. न्यायाधीश किंवा मानसोपचारतज्ज्ञाचे काम यंत्राला उद्या जमलेही, तरी ते यंत्राला देऊ नये, अशी त्यांची भूमिका होती. आदर, समज आणि प्रेम जिथे लागते, तिथे माणसाच्या जागी संगणक बसवणे त्यांना मुळातच अनैतिक वाटत होते. ज्या तंत्रज्ञानाचे परिणाम मागे घेता येणार नाहीत आणि आधी नीट दिसतही नाहीत, ते तातडीची गरज नसताना बनवू नये, असेही त्यांनी बजावले.

आणखी एक इशारा मोठ्या प्रोग्रामबद्दल होता. वर्षानुवर्षे अनेक हातांनी वाढवलेला प्रोग्राम शेवटी कोणालाच पूर्ण समजत नाही. तरी त्याच्या उत्तरावर निर्णय घेतले जातात आणि जबाबदारी विचारली, की बोट संगणकाकडे जाते. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेने कंबोडियावर गुप्तपणे बॉम्ब टाकले आणि त्याच्या नोंदी बदलून खोटे अहवाल तयार केले. संगणकातून आलेला कागद खराच असणार, या समजाचा तिथे कसा उपयोग झाला, हे त्यांनी उदाहरण म्हणून दाखवले. ते स्वतः या युद्धाचे उघड विरोधक होते. एमआयटीतल्या संगणक संशोधनाला अमेरिकी संरक्षण खात्याचा पैसा येत होता, याकडेही त्यांनी सहकाऱ्यांचे लक्ष वेधले.

प्रोग्रामरांनाच त्यांनी धारेवर का धरले?

पुस्तकातले एक प्रकरण रात्रंदिवस टर्मिनलसमोर बसणाऱ्या तरुण प्रोग्रामरांवर आहे. जेवणखाण, झोप, कपडे यांचे भान सुटलेली ही मुले त्यांनी एमआयटीत जवळून पाहिली होती. त्यांची तुलना त्यांनी जुगाऱ्याशी केली. पुढच्या डावात नक्की जिंकू, असे जुगाऱ्याला वाटते. पुढच्या दुरुस्तीनंतर प्रोग्राम नक्की चालेल, असे या मुलांना. संगणकाच्या आत प्रोग्रामर हाच कायदा करणारा असतो आणि तिथे सगळे त्याच्या आज्ञेत चालते. या सत्तेची चटक लागली, की बाहेरचे जगही तसेच चालावे असे वाटू लागते. म्हणून आपण काय बनवतो आणि ते कोण कशासाठी वापरेल, हा प्रश्न प्रोग्रामरने काम हाती घेतानाच विचारावा, असा त्यांचा आग्रह होता. कुशल, शिकलेली माणसे एका क्रूर राजवटीच्या कामाला कशी जुंपली जातात, याचे उदाहरण त्यांच्या जन्मभूमीतच घडले होते.

संगणकाने समाज बदलला, की होता तसाच ठेवला?

संगणक म्हणजे क्रांती, हे वाक्य तेव्हाही सर्रास वापरले जात होते. वायझेनबाउम यांना ते पटत नव्हते. बँकांचे उदाहरण ते देत. चेकचा ढीग आवरेनासा झाला होता, तेव्हा बँकांना आपली रचनाच बदलावी लागली असती, कदाचित कारभार लहान लहान भागांत वाटावा लागला असता. संगणक आला आणि जुनी रचना होती तशीच, उलट आणखी मोठी होऊन टिकली. सरकारी खाती आणि लष्कर यांचेही तेच झाले. शाळांत संगणक आणण्याच्या घाईवरही त्यांचा असाच आक्षेप होता. मुले नीट वाचायला का शिकत नाहीत, याचे कारण घरच्या गरिबीत किंवा उपाशी पोटात असेल, तर संगणक देऊन ते कारण दूर होत नाही, फक्त नजरेआड होते.

आपल्याला कोणी संगणकाचा टीकाकार म्हटले, की ते दुरुस्ती करत. टीकेचा संगणकाला काय उपयोग, आपली टीका समाजावर आहे, असे ते सांगत.

विरोधकांचे म्हणणे काय होते?

सर्वांत कडक टीका जॉन मॅकार्थी यांनी केली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ हे नाव या शाखेला देणारे हेच ते मॅकार्थी. अमुक संशोधन करू नये असे नैतिक आवेशाने सांगायचे, पण नेमकी रेषा कुठे ओढायची ते मोघम ठेवायचे, यातून पुढे कोणीही कोणाचेही संशोधन थांबवू शकेल, हा त्यांचा मुख्य आक्षेप होता. कोल्बी यांच्या बाजूचा युक्तिवादही सोडून देण्यासारखा नव्हता. जिथे डॉक्टरच नाही, तिथे यंत्राची थोडीफार मदत नसल्यापेक्षा बरी नाही का? तालुक्याच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ शोधायला निघालेल्या कुटुंबाला हा प्रश्न आजही पडतो.

वायझेनबाउम यांचे काही अंदाज चुकलेही. बोललेले शब्द ओळखणारी यंत्रे अतिशय महाग असतील, ती सरकारे आणि मोजक्या बड्या कंपन्यांनाच परवडतील आणि मुख्यतः लोकांचे बोलणे चोरून ऐकण्यासाठी वापरली जातील, असे त्यांनी लिहिले होते. आज साध्या स्मार्टफोनवर मराठीत बोलून मेसेज टाइप होतो. ज्यांना दिसत नाही किंवा लिहिता येत नाही, त्यांना या सोयीने मोठा आधार दिला आहे. पाळतीची त्यांची भीती मात्र जुनी झालेली नाही. फोन आपले बोलणे ऐकतो का, ही शंका आज कोणत्याही घरात निघते.

अखेरची वर्षे कुठे गेली?

१९८८ मध्ये वायझेनबाउम एमआयटीतून निवृत्त झाले. १९९६ मध्ये ते बर्लिनला परतले. ज्या शहरातून तेराव्या वर्षी निघून जावे लागले, तिथेच म्हातारपणी त्यांना मोठा श्रोतृवर्ग मिळाला. ते भाषणे देत राहिले, विशेषतः तरुणांशी बोलत राहिले. पहिला आयफोन बाजारात आला त्याच्या पुढच्याच वर्षी, ५ मार्च २००८ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. डिजिटल समाजाचा अभ्यास करणारी, त्यांच्या नावाची संस्था २०१७ मध्ये बर्लिनमध्ये स्थापन झाली.

एलायझाचा मूळ कोड बरीच वर्षे हरवला आहे असे मानले जात होते. २०२१ मध्ये तो एमआयटीच्या अभिलेखागारात, वायझेनबाउम यांच्याच कागदपत्रांत सापडला. जुन्या संगणकाची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर डिसेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा चालवण्यात आला. मूळ प्रोग्राम जेमतेम ४२० ओळींचा आहे.

आज त्यांचे म्हणणे का महत्त्वाचे?

आजचे चॅटबॉट एलायझापेक्षा फार पुढे गेले आहेत. ते ठरलेल्या साच्यांवर चालत नाहीत. प्रचंड मजकुरावरून शिकलेली मॉडेल्स त्यामागे असतात आणि ती कोड लिहितात, निबंध लिहितात, सल्लेही देतात. त्यामुळे एलायझावरून आजच्या यंत्रांची क्षमता जोखता येणार नाही. एलायझाने माणसाबद्दल जे दाखवले, ते मात्र तसेच आहे. नीट बोलणाऱ्या कशालाही आपण मन बहाल करतो, आणि ते यंत्र आहे हे माहीत असूनही करतो. ४२० ओळींनी हे साधत होते, तर आजच्या यंत्रांपुढे आपण किती सावध असायला हवे, याचा अंदाज करता येतो.

वायझेनबाउम यांच्या कसोटीवर तंत्रज्ञानाचा प्रत्येक वापर नापास होत नाही. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची मोफत हेल्पलाइन बघा. तिथे फोन, नेटवर्क, संगणक सगळे वापरले जाते, पण पलीकडे ऐकणारा प्रशिक्षित समुपदेशक माणूस असतो. यंत्र दोन माणसांना जोडते की एका माणसाची जागा घेते, हा फरक त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचा होता. कर्ज नाकारणे, नोकरीचा अर्ज बाजूला टाकणे, रुग्णाला सल्ला देणे अशी कामे आता संगणकाकडे जात आहेत. तिथे यंत्र किती अचूक आहे, हे लगेच तपासले जाते. हे काम यंत्राला द्यावे का, आणि चूक झाली तर उत्तर कोण देणार, हे दोन प्रश्न त्याआधी विचारायला हवेत, असे एलायझाच्या निर्मात्याचे सांगणे होते.